नटावरची रेघ

फिटरबाईच्या घरात दोन गोष्टींवर वाद घालायची सोय नव्हती. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण तीच बघणार, आणि चाक असलेली कुठलीही वस्तू तिच्या पिवळ्या रेघेशिवाय दाराबाहेर पडणार नाही. नवऱ्याची सायकल, बाजाराची ढकलगाडी, इतकंच काय, पोरीची खेळण्यातली तीनचाकीसुद्धा, सगळ्यांच्या नटांवर रेघा होत्या. शेजारीपाजारी हसायचे. "नवऱ्यालाही एक मारून ठेवा, म्हणजे सुटायचा नाही," असं खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणायची. ही ऐकून घ्यायची, हसायचीही, पण रेघा काही सोडायची नाही.

ही रेघ तिने घरी आणली होती बसडेपोतून. बसगाड्यांची चाकं काढणं-चढवणं हे तिचं काम, आणि त्या कामाची एक ठरलेली रीत. आधी सगळे नट नुसते बोटांनी फिरतील तेवढे फिरवून बसवायचे. मग लांब दांड्याचा पाना लावून एकेक आवळायचा. पुरेसा आवळला की पाना टक् असा आवाज देतो. तो टक् ऐकला, की नटावरून चाकाच्या पत्र्यावर उतरणारी एक पिवळी रेघ रंगाच्या पेनाने मारायची. पुढे कधी नट ढिला झाला तर रेघ मधेच तुटलेली दिसते. ड्रायव्हर सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारतो, रेघा सरळ दिसल्या की वर चढतो आणि गाडी काढतो. पाना घेऊन दुसऱ्यांदा कोणी बघत बसत नाही. तसं बघायचं म्हटलं तर सकाळची पहिली गाडी दुपारी निघेल.

म्हणजे सगळा कारभार त्या रेघेवर. फिटरबाई कामाला लागायच्या कितीतरी आधी एका चालत्या बसचं पुढचं चाक सुटून थेट फुटपाथवरच्या माणसांत घुसलं होतं. रीत आली ती त्यानंतर. डेपोतले जुने लोक त्या दिवसाबद्दल बोलत नसत, आणि नवीन कोणी खोदून विचारलंच तर चहाचं निमित्त करून उठून जात.

आता तिचा नवरा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं त्याचं काम. जगाला दृष्टी देतो आणि स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो, अशी बायकोची त्याच्यावरची जुनी टीका. पण माणूस सरळ. सांगितलं तेवढं इमानेइतबारे करणारा. मुलगी पाच वर्षांची. तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती.

तर या भिंगरीची शाळा बदलली. नवी शाळा लांब होती, पण बापाच्या दुकानाच्या वाटेवर होती. नणंदेचा मुलगा मोठा झाल्यामुळे तिच्याकडची सायकलवर लावायची सीट रिकामी पडली होती, ती तिने पाठवून दिली. मागे कॅरिअरच्या जागी बसवायची, उंच पाठीची, दोन्ही खांद्यांवरून पट्टे येणारी. खाली चार बोल्ट, चार नट. बापाला आदल्या आठवड्यापासून धीर नव्हता. "ऑफिसर झाल्यासारखी बसेल बघ मागे," तो म्हणायचा.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर तिने जिन्याखाली बसून ती सीट बसवली. मंगळवारी पहाटे पहिल्या पाळीला निघताना झोपलेल्या पोरीचं पांघरूण सारखं केलं, तेव्हा पोरीच्या बोटांना पिवळा रंग लागलेला दिसला. कुठे रंगकाम केलं असेल, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली. तिच्याकडे तेव्हा त्यापलीकडे विचार करायला वेळ नव्हता.

सकाळभर तिने ट्रायलला जाणाऱ्या एका बसची पुढची चाकं चढवली. रेघा मारून झाल्या, हात पुसायला फडकं हवं होतं, म्हणून तिने आपल्या पेटीचा खालचा कप्पा ओढला. फडक्याखाली तेरा नंबरचा पाना होता.

तिने फडकं उचललं, हात पुसायला लागली, आणि पुसता पुसता थांबली.

सीटचे नट तेरा नंबरचे होते. घरी तेरा नंबरचा पाना नव्हताच. काल संध्याकाळी बोटांनी नट बसवून झाल्यावर ती पाना शोधायला वर घरात गेली होती, एवढं तिला पक्कं आठवत होतं. कपाटातलं, पलंगाखालचं, सगळं उपसलं होतं. पाना मिळाला नव्हता. मिळणार कुठून, तो तर इथे पेटीत होता. मग तिने नट आवळले कशाने?

आवळलेच नव्हते.

लगेच दुसरा विचार आला आणि तिला जरा बरं वाटलं. आवळले नाहीत म्हणजे रेघाही मारल्या नसणार. आणि रेघ नसेल तर नवरा सायकल हलवणार नाही. आभाळ कोसळलं तरी हलवणार नाही. पोरीला चालवत नेईल आणि संध्याकाळी तक्रार करेल. तिने खात्री करायला खिशातून फोन काढला. त्यावर नवऱ्याचा निरोप येऊन पडलेला होता, थोड्याच वेळापूर्वीचा.

"निघालो. रेघा बघितल्या. चारही आहेत."

तिने तो पुन्हा वाचला. मग तिला पोरीची पिवळी बोटं आठवली. ती पाना शोधायला वर गेली तेव्हा पेन जिन्याखालीच राहिलं होतं, आणि पेनाशेजारी भिंगरी. आईला मदत करायची तिला भारी हौस.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. उचलणार कसा? पोर मागे असताना फोनला हात लावायचा नाही, आवाज बंद करून दप्तरात टाकायचा, हा नियम कोणी केला होता? तिनेच. खांद्यावरचे पट्टे इतके घट्ट ओढायचे की पोरीला वळवळताही येऊ नये, हा नियम कोणाचा? तोही तिचाच. आता सीट सुटली तर सीटला बांधलेली पोर सीटसकट रस्त्यावर आपटणार होती. हात टेकून स्वतःला सावरायलाही तिला जागा नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तिच्या मनाने तेवढ्यात सगळं चिंतून घेतलं. मागून येणारा ट्रकही तिला दिसला, त्याच्या ड्रायव्हरचा चेहराही दिसला.

तेरा नंबरचा पाना मुठीत धरून ती धावत सुटली.

फोरमन जागेवर नव्हता. फाटकाजवळ तीच ट्रायलची बस सुरू होऊन उभी होती आणि तिच्या पायरीवर ड्रायव्हरमामा पाय ठेवत होते. मामा डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बोलायला लागले की गाडी डेपोतून निघून परत आली तरी गोष्ट संपायची नाही.

"मामा, पुलाकडे घ्या. शाळेच्या रस्त्याने."

"अहो, मला तर आतल्या आत दोन चकरा मारायला सांगितल्यात."

"माझ्या पोरीची सीट ढिली आहे. सायकलवरची. नवरा घेऊन निघालाय."

मामांनी पुढे काही विचारलं नाही. "ट्रायलच आहे ना, कुठेही केली तरी ट्रायलच," एवढं पुटपुटले आणि त्यांनी फाटकातून गाडी बाहेर काढली. एरवी गाडी वळवताना तीन गोष्टी सांगणारे मामा गप्प बसले आहेत, याचीच तिला जास्त भीती वाटली.

ती दारातल्या दांड्याला धरून उभी राहिली. रस्ता तिच्या पायाखालचा होता, म्हणून एकेक खड्डा तिला आधीच कळत होता. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सरळ रस्ता, तिथवर नट टिकले असतील. गिरणीपुढे फरशा उखडलेल्या. तिथे सायकल थरथरते आणि थरथरीने ढिला नट आपोआप उलटा फिरतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? मग पुलाचा चढ. चढावर सगळा भार मागे जातो. नवरा चढावर सीटवरून उठून, उभा राहून पायडल मारतो, डावीकडे-उजवीकडे झुलत. आणि पुलाच्या पलीकडे उतार, दगडी, मोठ्या चौकापर्यंत. चढावर नाही सापडले तर उतारावर कोणीच काही करू शकणार नव्हतं.

"काय रंगाची टोपी?" मामांनी विचारलं.

"हिरवी. हेल्मेट आहे."

"मग ती बघा."

चढ सुरू होतो तिथे, गाड्यांच्या रांगेच्या कडेने, तिच्या नवऱ्याची पाठ दिसत होती. आणि पाठीमागे हिरवं हेल्मेट. पण पाठ आणि हेल्मेट यांच्यात जेवढं अंतर असायला हवं त्यापेक्षा जास्त होतं. सीट मागे रेलली होती. नवरा उजवीकडे झुकला की सीट क्षणभर थांबून मग उजवीकडे जायची, तो डावीकडे आला की ती उशिराने डावीकडे. त्याच्या झुलण्यात आणि तिच्या झुलण्यात मेळ राहिला नव्हता.

मामांचा हात हॉर्नकडे गेला. तिने तो मनगटाला धरून थांबवला.

"नको! हॉर्न ऐकून तो मागे वळेल."

"मग हाक मारा."

"हाक मारली तरी वळेल. चढावर वळला की झालं."

आता हसावं की रडावं अशी गत. पोर समोर, आई मागे, आणि आईला तोंड उघडायची चोरी. तेवढ्यात भिंगरीने मान वळवली. बसगाड्यांचं तिला वेड, मोठी गाडी मागून आली की बघितल्याशिवाय राहायची नाही. तिने बस बघितली, बसच्या काचेत आई बघितली, आणि ती आनंदाने सीटवर उसळली. बांधलेली होती तरी जेवढं उसळता येईल तेवढं. सीट मागे गेली, अर्धवट पुढे आली, पुन्हा मागे गेली.

फिटरबाई मटकन खाली बसली. दाराच्या पत्र्याआड, गुडघ्यात डोकं घालून. पोरीला आपण दिसता कामा नये. तिला लपाछपी वाटली तर वाटू दे, पण उसळायची थांबू दे. तिथून तिला फक्त रबरी चटई आणि मामांचे बूट दिसत होते.

"मामा, काय दिसतंय?"

"चाललाय."

"आणि ती?"

मामांचा बूट ब्रेकवर सरकला. "आहे," ते म्हणाले. "बसलीय."

"पुढे घाला ना गाडी. ओलांडून आडवी लावा."

"नाही घालणार," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मी बाजूने गेलो आणि ती माझ्या बाजूला पडली, तर? माझंच मागचं चाक आहे तिथे. मी मागेच राहतो. रस्ता अडवून चालतो. माझ्या पुढे कोणाला जाऊ देत नाही. तुम्ही उतरा आणि पळा. चढावर माणूस सायकलला गाठतो."

त्यांनी बस रस्त्याच्या मधोमध घेतली आणि माणसाच्या चालीने सोडली. दार उघडलं. तिने चालत्या बसमधून उडी टाकली.

तिच्या पायात डेपोचे बूट होते, पुढे लोखंड असलेले, धावायला सगळ्यात वाईट. ती फुटपाथवरून धावली. मागे मामांनी अडवून धरलेले गाडीवाले पेटले, एकाने हॉर्न दिला, मग सगळ्यांनीच दिले. ती मनातल्या मनात नवऱ्याला म्हणत होती, बघू नका, मागे बघू नका, जन्मात एकदा तरी माझं न ऐकलेलं ऐका. त्याने बघितलं नाही. त्याची नजर चढाच्या टोकावर होती आणि श्वास फुललेला होता. भिंगरी मात्र मान वळवून बसमधली आई शोधत होती, आणि आई फुटपाथवरून तिच्या अगदी जवळ आली तरी तिचं लक्ष नव्हतं. सीटखालून काहीतरी बारीक टपकन पडलं आणि रस्त्यावर उड्या मारत गेलं. ते काय होतं ते फिटरबाईला बघावं लागलं नाही.

पूल सपाट व्हायला दोन-चार पायडलं उरली असताना तिने सीटची पाठ गाठली. दोन्ही हातांनी धरली. नवऱ्याने पुढचं पायडल मारलं, आणि सीट सायकलवरून सुटून तिच्या हातात आली. कोणी खुर्ची उचलून द्यावी तितकी सहज आली. सायकल एकदम हलकी होऊन पुढे पळाली, कठड्याला घासली, आणि नवरा एका पायावर नाचत कसाबसा थांबला.

"कोण आहे रे!" तो ओरडत वळला, आणि बघतो तर त्याची बायको फुटपाथवर बसलेली, मांडीवर सीट, सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेली त्यांची मुलगी.

"सापडलीस!" भिंगरी म्हणाली. "तू बसमध्ये होतीस ना?"

फिटरबाईने तिला पट्ट्यांसकट, सीटसकट छातीशी धरलं. तिचे गुडघे फुटले होते, ते तिला अजून कळलं नव्हतं. नवरा सायकल टाकून धावत आला, त्याने सीटचं बूड बघितलं, मग मागे वळून सायकलचा दांडा बघितला. चार नटांपैकी तीन कुठेतरी रस्त्यात पडले होते. चौथा शेवटच्या आट्यावरून आत्ताच निसटून फुटपाथवर पडला होता. नवऱ्याने तो उचलून हातात घेतला.

"अगं पण रेघा होत्या," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चारही होत्या. मी वाकून बघितल्या. तुला कळवलंसुद्धा."

"होत्या ना," ती म्हणाली. भीती ओसरली की तिची जागा राग घेतो, आणि राग काढायला जवळचंच माणूस लागतं. तिने पट्टे सोडले, पोरीला समोर उभं केलं आणि दोन्ही दंड धरले. "पेनाला हात का लावलास? सांग! ते खेळणं आहे? किती वेळा सांगितलंय तुला? तू पडली असतीस! मेली असतीस तू आज!"

भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी नाही लावला."

"खोटं बोलू नकोस. बोटं बघ तुझी."

"मी टोपण धरलं होतं," भिंगरी रडत म्हणाली. "तू म्हणालीस, धर. रेघा तू मारल्यास."

"मी?"

"तू खाली आलीस आणि फोन आला. तू असा धरलास." भिंगरीने रडता रडताच मान तिरकी करून खांद्याला कान लावला. "आणि बोलत बोलत मारल्यास. एक, दोन, तीन, चार. मग मी टोपण लावलं." आणि तिने हवेत रेघ मारून दाखवली, वरून खाली, शेवटी मनगटाला एक छोटा झटका देऊन.

तो झटका फिटरबाईचा होता. डेपोत त्यावरून तिची थट्टा व्हायची, सही करतेय जणू, असं म्हणायचे.

तिने पोरीचे दंड सोडले. त्यांवर तिच्या बोटांचे वळ उठले होते. तिने सायकल आडवी पाडून सीट बसवायची लोखंडी पट्टी बघितली. नट गेले होते, पण प्रत्येक नटाखालच्या पत्र्यावर रेघेचा उरलेला अर्धा भाग होता. चारही सरळ. चारही सारख्या जाडीच्या, आणि टोकाला किंचित बाक घेतलेल्या. पाच वर्षांच्या पोरीला अशी एक रेघ ओढायला सांगा, दिवसभर लागेल.

फोन तिला आठवत होता. फोरमनचा होता, मंगळवारच्या पाळीबद्दल. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, शेवटी तो कशावर हसला, सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. पण हातात पेन घेतलेलं आठवत नव्हतं. रेघा मारलेल्या आठवत नव्हत्या. डोक्यावर ताण देऊन बघितला तरी तिथे फक्त फोरमनचं हसणं होतं. तिचा हात तिला न विचारता कामाला लागला होता. नट बसवले की पुढे रेघ, एवढंच त्याला माहीत. मधला टक् ऐकला की नाही, याची चौकशी हाताने केली नव्हती.

पोरीने मारल्या असत्या तर किती बरं झालं असतं. पेन उंच फळीवर ठेवलं असतं आणि विषय संपला असता.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी तो काहीतरी विनोद करायचा. आज त्याने पोरीला कडेवर घेतलं, तिचं हेल्मेट काढलं, आणि तिच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवत राहिला. "जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "माणूस आहेस. चुकतं माणूस. पोर हाताला लागली ना, बास."

"हो," ती म्हणाली.

"आज चालत जातो आम्ही. ही सीट राहू दे इथे."

"चालत जा. कडेने जा."

बस पुलाच्या तोंडाशी येऊन थांबली होती. अडकलेल्या गाड्या शिव्या घालत पुढे निघाल्या होत्या. मामा खाली उतरले, त्यांनी भिंगरीचा गाल चिमटला, आणि डोळे पुसले आहेत हे कोणाला कळू नये म्हणून उगाच रुमालाने सगळं तोंड पुसलं. मग वर चढून बसले. "चला फिटरबाई," त्यांनी हाक दिली. "फोरमन शोधत असेल. आता उतार आहे, चौकातून वळवून पाच मिनिटांत पोचवतो."

ती बसच्या दारापर्यंत आली. पायरीवर पाय ठेवला. तिथून पुढचं डावं चाक दिसत होतं, आणि त्यावर गोलाकार बसलेल्या नटांवर तिच्या आज सकाळच्या रेघा. ताज्या, सरळ, टोकाला बाक घेतलेल्या. हे चाक चढवताना आपण काय विचार करत होतो, हे ती आठवायला लागली. पोरीचा पहिला दिवस, डब्यात काय दिलं असेल त्याने, पट्टे नीट लावले असतील का. एवढं आठवलं. टक् ऐकल्याचं काही केल्या आठवेना. एकाही नटाचा आठवेना.

तिने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"मामा, गाडी बंद करा."

"का? काय झालं?"

"चाकं बघायचीत."

"बघून निघालोय की मी! रेघा आहेत ना, आणि तुमच्याच हातच्या आहेत."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मामांनी पलीकडच्या उताराकडे बघितलं, आणि हळूच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तिने फोरमनला फोन लावला. कालच्या आणि आजच्या पाळीत आपल्या हातून गेलेल्या सगळ्या गाड्या, असतील तिथे, रस्त्याच्या कडेला थांबवायला सांगितल्या. फोरमनला आधी थट्टा वाटली. मग तो ओरडायला लागला, माणसं भरलेली आहेत गाड्यांत, वरून विचारतील, कारण काय सांगू मी त्यांना?

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "सांगा, तिला खात्री नाही."

तिकडून त्याचं खुर्ची सरकवून उठणं ऐकू आलं, आणि त्याने लांबून कोणाला तरी मारलेली हाक.

तिने फोन खिशात ठेवला. मामांनी सीटमागून चाकाचा मोठा पाना काढून दिला. फुटलेले गुडघे रस्त्यावर टेकून ती चाकासमोर बसली आणि पहिल्या नटाला पाना लावून सगळ्या अंगाचं वजन त्यावर टाकलं. नट हलला नाही. तिला त्याने काडीचाही धीर आला नाही. पूल ओलांडून एक बस समोरून आली, खच्चून भरलेली, खिडकीशी शाळेची मुलं. तिने मान वर करून त्या बसच्या चाकांकडे बघितलं, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत तिला दुसऱ्या नटाला पाना लावता आला नाही.